एक ग्लास साखर

मावशीच्या फडताळात जाड काचेचा, पैलू पाडलेला एक ग्लास असे. त्यातून पाणी कुणालाच मिळत नसे. तो फक्त मान्निकचा, म्हणजे रव्याच्या रशियन केकचा. 1970च्या दशकात ती लेनिनग्राडला शिकायला होती. येताना लोकरी मोज्यात गुंडाळून तिनं तो आणला. काठोकाठ भरला की 250 मिली. एक ग्लास रवा, एक ग्लास केफिर म्हणजे आंबवलेलं दूध, एक ग्लास साखर, तीन अंडी आणि व्हिनेगरवर फसफसवलेला सोडा. मैदा नाही, लोणी भांड्याला पुसण्यापुरतं.

रशियन माणूस रव्याला ‘मान्का’ म्हणतो. बायबलात रानातल्या उपाशी लोकांसाठी आभाळातून पडलेल्या ‘मान्ना’वरून आलेलं हे नाव. मुलांना मात्र या रव्याची खीर नकोशी. व्हिक्टर द्रागून्स्कीच्या गोष्टीतला देनिस्का ती सरळ खिडकीबाहेर ओततो, आणि ती खालून जाणाऱ्या एका गृहस्थाच्या टोपीवर पडते. लहानपणी माझंही शिऱ्याशी वाकडंच होतं, त्यामुळे हा पोरगा मला आपल्यातला वाटतो.

मावशीला मान्निक शिकवला तो वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या बाईंनी. मुली त्यांना बाबुश्का, म्हणजे आजी म्हणत. केफिरात रवा फुगत असला की त्यांना बोलायला वेळ सापडे. त्या युद्धाचं सांगत. 8 सप्टेंबर 1941. जर्मन बॉम्बांनी लेनिनग्राडची अन्नधान्याची बदायेव गोदामं पेटली आणि तिथली साखर वितळून जमिनीत मुरली. त्याच दिवशी शहराभोवतीचा वेढा पुरा झाला. पुढे लोक ती माती खणून आणत, पाण्यात कालवत, गाळ बसला की वरचं काळपट गोड पाणी फडक्यातून गाळून पीत. 20 नोव्हेंबरपासून कामगार सोडून इतर नागरिकांना दिवसाला 125 ग्रॅम पाव. त्यातही सरकीची पेंड मिसळलेली.

एकदा मावशीनं साखरेचा ग्लास दोन बोटं रिता ठेवला. तिला गोड बेतानंच लागे. बाबुश्कांनी काही न बोलता तो काठापर्यंत भरला. मग टेबलावर सांडलेले चार दाणे बोटाच्या ओल्या टोकानं टिपून तोंडात टाकले. मावशी हे सांगताना नेहमी ते बोट करून दाखवायची.

मी पहिल्यांदा मान्निक केला तेव्हा घाई नडली. केफिर कुठलं मिळायला. पातळसर आंबट दही घेतलं, ते चाललं. रवा मात्र दहाच मिनिटं भिजवला. केक असा कचकचला की मावशी म्हणाली, “वाळू घातलीस का रे?” तासभर तरी भिजू द्यायचा, ओढता चमचा जड लागेपर्यंत.

आता ग्लास माझ्याकडे आहे. काठाचा बारीकसा टवका उडालाय, पण माप बिघडलेलं नाही.

मावशी लेनिनग्राडहून निघण्यापूर्वी बाबुश्का तिला पिस्कार्योव्ह दफनभूमीत घेऊन गेल्या होत्या. वेढ्यात गेलेली जवळजवळ पाच लाख माणसं तिथे पुरलेली आहेत. लोक तिथे फुलांबरोबर पावाचे तुकडे आणि गोळ्या-चॉकलेटं ठेवतात.