टरफले कोणाची, छडी कोणाला?

दर १ ऑगस्टला मीरा-भाईंदरपासून सावंतवाडीपर्यंतच्या शाळांत एखादा चिमुरडा वक्ता लोकमान्यांच्या शेंगांची गोष्ट सांगतो. वर्गात टरफले पडलेली, टाकणारा पुढे येईना, म्हणून गुरुजींनी साऱ्या वर्गाला शिक्षा फर्मावली. कोणी छड्या सांगतो, कोणी टरफले वेचणे. तपशील बदलतो, बाळ टिळकाचा नकार बदलत नाही. आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, तेव्हा शिक्षाही घेणार नाही, असे सांगून तो दप्तर उचलतो आणि घरची वाट धरतो.

टाळ्या पडतात त्या बाळच्या बाणेदारपणाला. गुरुजींकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक गुरुजी काही दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे अडचण होती. अपराधी शोधायचा तर वेळ हवा, साक्ष हवी. सर्वांना शिक्षा द्यायला यांतले काहीच लागत नाही. शिवाय मनात एक आशाही असते, की निरपराध मुले चिडतील आणि आपण होऊन नाव सांगतील. म्हणजे अशा शिक्षेचा खरा रोख शेंगा न खाणाऱ्यांवरच असतो!

ब्रिटिश राजवटीला हा तर्क फार मानवला. १८६१ च्या पोलीस कायद्यातील १५ व्या कलमाने अशांत ठरवलेल्या भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची सोय करून ठेवली होती. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सापडेना, तेव्हा सरकारने एकीकडे २० हजार रुपयांचे बक्षीस लावले आणि दुसरीकडे शहरावर जादा पोलीस लादून त्यांचा भार पुणेकरांवर टाकला. सारे पुणे एक वर्ग झाले. योगायोग असा, की शेंगांच्या गोष्टीतला तो मुलगा आता त्याच शहरात ‘केसरी’ चालवीत होता.

वंगभंगाच्या वेळी हे तंत्र पुन्हा शाळेत परतले. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारचे कार्लाइल परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांना बहिष्काराच्या चळवळीपासून आवरले नाही, तर संस्थेचे अनुदान बंद होईल आणि तिथल्या मुलांना शिष्यवृत्तीच्या स्पर्धेतून वगळले जाईल, अशी त्यात धमकी होती. निदर्शने करायची काही मुलांनी, शिष्यवृत्ती गमवायची सर्वांनी. पूर्व बंगाल व आसामचे लेफ्टनंट गव्हर्नर बॅमफील्ड फुलर त्याही पुढे गेले. सिराजगंजच्या दोन शाळांतील मुलांनी दंगा केला म्हणून त्या शाळांची मान्यताच काढून घ्यावी, अशी मागणी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाकडे केली. हिंदुस्थान सरकारला हे प्रकरण अंगावर घ्यायचे नव्हते. मागणी मागे घ्या, असे त्यांनी फुलर यांना सुचवले. फुलर यांनी राजीनाम्याचे अस्त्र काढले आणि ऑगस्ट १९०६ मध्ये व्हाइसरॉय मिंटो यांनी तो राजीनामा चक्क स्वीकारला. दोन शाळांपायी एका प्रांताधिपतीचे पद गेले. अर्थात यामागे न्यायबुद्धीपेक्षा राजकीय सावधगिरीच अधिक होती.

या तर्काचे सर्वांत उघडे रूप मात्र १९१९ च्या पंजाबात दिसले. जालियनवाला बागेच्या छायेत पुढच्या घटना झाकोळून गेल्या आहेत, म्हणून त्या सविस्तर पाहण्याजोग्या आहेत.

लाहोरात लष्करी कायद्याचा अंमल कर्नल फ्रँक जॉन्सन यांच्या हाती होता. लष्करी जाहीरनामे ज्यांच्या भिंतीवर लागत, त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्या जागेच्या मालकावर वा रहिवाशांवर असे. सनातन धर्म कॉलेजच्या भिंतीवरचा जाहीरनामा कोणीतरी फाडला. कोणी, हे ठाऊक नव्हते. आवारात सापडलेले सुमारे ५०० विद्यार्थी आणि प्राध्यापक पकडले गेले. डोक्यावर वळकट्या देऊन, उन्हातून सुमारे ३ मैल चालवत त्यांना किल्ल्यात नेले. इतर काही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दिवसातून ४ वेळा हजेरीला बोलावले जाई. मेडिकल कॉलेजच्या मुलांची रोजची पायपीट १६ मैलांच्या घरात गेली. मुले उचापतींपासून दूर राहावीत, असे त्यावर जॉन्सन यांचे समर्थन होते.

कसूरचा प्रकार याहून विदारक. तिथल्या एका शाळेच्या मास्तरांनी मुले हाताबाहेर गेल्याची तक्रार लष्कराकडे केली. अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल मॅक्रे. काही मुलांना फटके द्यायचे ठरले. मास्तरांनी ६ मुले निवडून पाठवली, पण ती फारच किरकोळ अंगाची निघाली. मग साऱ्या मुलांना रांगेत उभे केले गेले आणि त्यांतली सर्वांत थोराड ६ मुले फटक्यांसाठी निवडली. अपराध विचारलाच गेला नाही. उंची आणि अंगकाठी एवढाच निकष. हंटर समितीपुढील साक्षीत मॅक्रे यांनी हे लपवले नाही. मोठे असणे हे त्या मुलांचे दुर्दैव, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

हे उत्तर नोंदीत राहिले, ते समितीत हिंदी सभासद होते म्हणून. त्यांपैकी एक मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड. तिघा हिंदी सभासदांनी पुढे वेगळा अहवाल लिहिला आणि विद्यार्थ्यांवरील या शिक्षांवर त्यात कडक टीका केली. समांतरपणे काँग्रेसनेही चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासह त्या अहवालावर चौथी सही मुंबईच्या एका मराठी बॅरिस्टरची होती: मुकुंदराव जयकर. लाहोरच्या महाविद्यालयांची ही कहाणी तपासणारे हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

जगाने हा प्रश्न १९४९ मध्येही कायद्यात उघडपणे मांडला. चौथ्या जिनिव्हा करारातील कलम ३३ नुसार, युद्धकाळात संरक्षण लाभलेल्या कोणाही व्यक्तीला तिने स्वतः न केलेल्या अपराधासाठी शिक्षा देता येत नाही. सामूहिक शिक्षेचे नाव घेऊन तिला तिथे मनाई आहे. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांपासून संरक्षण देते. ‘सगळा वर्ग उभा राहा’ या आज्ञेचा उल्लेख मात्र त्या कलमात नाही.