सारासा: शब्द आणि वाट

जपानी भाषेत नक्षीदार सुती कापडाला 'सारासा' म्हणतात. हा शब्द तिकडे पोर्तुगीजांच्या तोंडून गेला, असे मानतात. १५७१ पासून त्यांची जहाजे गोव्याहून मलाक्का, मकावमार्गे नागासाकीला जात. त्यांतून गुजरात आणि चोळमंडलाच्या चिटा गेल्या. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना हाकलले. मग डचांनी त्या पुरवल्या.

आपल्याकडे लाकडी ठसा कापडावर उमटवतात. जपानी कारागीर टेंभुर्णीच्या जातीच्या फळाचा रस पाजून चिवट केलेल्या कागदात नक्षी कोरतात, तो कापडावर ठेवून वरून तांदळाची खळ फिरवतात. कापड निळीच्या पिंपात बुडवले की खळीखालची नक्षी पांढरी राहते. ही रीत त्यांची स्वतःची, आणि पोर्तुगीज येण्याच्या आधीची.

डिचोली १७८१ त आणि पेडणे १७८८ त पोर्तुगीजांकडे गेले. तोवर त्यांची नागासाकीची वाट बंद होऊन दीडशे वर्षे होत आली होती. तेव्हा 'ही कला आमच्याकडून गेली' असे आपण म्हणू नये. गोव्याने बंदर दिले, जकात घेतली. विणणारे, रंगवणारे हात दुसऱ्यांचे होते. श्रेयही त्यांनाच द्यावे.