बुडापेस्टच्या वकिलातीतील पंधरा वर्षे

४ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे सोव्हिएत रणगाडे हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये शिरले. त्याच सकाळी त्या देशातील कॅथलिक चर्चचे प्रमुख, कार्डिनल योझेफ मिंडसेंटी, अमेरिकन वकिलातीच्या दाराशी आश्रयासाठी येऊन उभे राहिले. दार उघडले गेले. ते पुन्हा त्या दारातून बाहेर पडले २८ सप्टेंबर १९७१ रोजी, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षांनी.

शीतयुद्धाचा इतिहास बहुधा अण्वस्त्रांच्या संख्येत आणि शिखर परिषदांच्या तारखांत सांगितला जातो. त्या वकिलातीच्या खिडकीतून पाहू गेल्यास तो निराळा भासतो. दोन महासत्ता दोन विचारसरणींचा ध्वज खांद्यावर घेऊन अखिल मानवजातीच्या मुक्तीची भाषा करीत होत्या. परंतु युरोपात एकमेकींच्या कुंपणाला हात न लावण्याचा अलिखित करार दोघीही पाळीत होत्या. घोषणांवर विश्वास ठेवणाऱ्यांना या कराराची माहिती नव्हती.

या वैराची मुळे केवळ तत्त्वज्ञानात नव्हती. १९१४ ते १९४१ या काळात जर्मन सैन्याने रशियावर दोनदा आक्रमण केले होते. त्यामुळे आपल्या पश्चिम सीमेवर मांडलिक राष्ट्रांची तटबंदी असावी, असे स्टालिनला वाटे. उलट, आज पोलंड गिळणारे उद्या फ्रान्सही गिळतील, या भयाने अमेरिकेला ग्रासले होते. या परस्पर भयाला तत्त्वज्ञानाने नैतिक वस्त्र चढविले. हिशेब मात्र आधीच झाला होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्को येथे चर्चिलने अर्ध्या कागदावर बाल्कन व पूर्व युरोपातील देशांतील प्रभावाची टक्केवारी लिहून तो कागद स्टालिनपुढे सरकविला आणि स्टालिनने त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली. त्यात हंगेरीपुढे ५०-५० असा आकडा होता. ही विभागणी करताना हंगेरीच्या जनतेला विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

नोव्हेंबर १९४५ च्या मुक्त निवडणुकीत तेथील कम्युनिस्टांना अवघी १७ टक्के मते मिळाली. छोट्या शेतकऱ्यांच्या पक्षाने ५७ टक्के मिळविली. पण सोव्हिएत सैन्य देशात ठाण मांडून होते. कम्युनिस्ट नेता राकोशी याने विरोधकांना चकती-चकतीने कापीत दूर केले. जून १९४८ मध्ये चर्चच्या शाळा सरकारजमा झाल्या. त्यास कडाडून विरोध करणाऱ्या मिंडसेंटींना २६ डिसेंबर १९४८ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अटक करण्यात आली. अटकेपूर्वीच त्यांनी लिहून ठेवले होते की, तुरुंगात माझ्याकडून कोणताही कबुलीजबाब घेतला गेला तर तो मानवी दुर्बलतेचा परिणाम समजावा व रद्द मानावा. फेब्रुवारी १९४९ मध्ये मारहाण आणि जागरण यांनी खचलेले कार्डिनल न्यायालयात उभे केले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्या खटल्याने पश्चिमेत संतापाची लाट उसळली. पश्चिमेच्या प्रचारालाही एक हुतात्मा लाभला, हे येथे नमूद केले पाहिजे.

१९५२ च्या अमेरिकन निवडणुकीत आयझेनहॉवर आणि डलेस यांच्या पक्षाने गुलाम राष्ट्रांच्या मुक्तीची भाषा केली. म्युनिकहून रेडिओ फ्री युरोप हे केंद्र, गुप्तहेर खात्याच्या पैशावर, तीच भाषा हंगेरियनमध्ये रोज ऐकवीत होते. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, स्टालिनचा प्रचंड पुतळा जमीनदोस्त झाला आणि इम्रे नॉज हे कम्युनिस्टच, परंतु लोकांच्या विश्वासाचे, पंतप्रधान झाले. कार्डिनल मुक्त होऊन राजधानीत परतले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले; ३० ऑक्टोबरला जमावाने गुप्त पोलिसांना ठेचून मारले, हेही विसरता येत नाही.

आणि याच आठवड्यात तो अलिखित करार प्रकट झाला. २७ ऑक्टोबरला डलेस यांनी डॅलस येथील भाषणात स्पष्ट केले की, या राष्ट्रांकडे आम्ही संभाव्य लष्करी मित्र म्हणून पाहत नाही. हा निरोप मॉस्कोलाही पोचविण्यात आला. तेथील नेते तेव्हा डळमळीत होते. ३० ऑक्टोबरला ते सैन्य मागे घेण्याच्या बाजूने होते, असे पुढे उजेडात आलेल्या क्रेमलिनच्या टिपणांवरून दिसते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निर्णय फिरविला. त्याच सुमारास इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स सुएझवर तुटून पडले होते. पश्चिमच जर दंडेली करीत आहे, तर आपण माघार घेऊन दुर्बळ का ठरावे, असा विचार ख्रुश्चेव्हने केला. १ नोव्हेंबरला नॉज यांनी तटस्थता जाहीर केली, पण तोपर्यंत रणगाड्यांना आज्ञा झाली होती.

सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले. दोन लाख माणसे सरहद्द ओलांडून गेली. म्युनिकच्या केंद्रानेच नंतर केलेल्या अंतर्गत तपासणीत, काही कार्यक्रमांतून मदतीची आशा सूचित झाल्याचे आढळले. मदत आली नाही. ती कधी येणारच नव्हती. पोप पायस बारावे यांनी नऊ दिवसांत तीन परिपत्रके काढून हंगेरीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. त्या आठवड्यात सर्वांत निःस्वार्थ आवाज तोच होता, असे माझे मत आहे. पण त्याच्याकडे रणगाडे नव्हते.

आपल्या देशाची भूमिका अभिमानास्पद म्हणता येणार नाही. सुएझवर कठोर बोलणारे नेहरू हंगेरीबाबत आरंभी चाचरले. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रसंघात मुक्त निवडणुकांची मागणी करणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने सोव्हिएत गटासोबत मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी यावर जाहीर टीका केली आणि नेहरूंची भाषा हळूहळू बदलली. तरीही हंगेरीतील काहींना भारताबद्दल आशा होती. विचारवंत इश्टव्हान बिबो यांचा तडजोडीचा प्रस्ताव आर्पाद गोंट्स यांनी भारतीय वकिलातीकडेच सोपविला होता. दोघांनाही १९५८ मध्ये जन्मठेप झाली. १९६३ मध्ये ते सुटले. हेच गोंट्स १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. नॉज यांना मात्र १६ जून १९५८ रोजी फाशी देण्यात आली होती.

वकिलातीत कार्डिनल वाचन-लेखन करीत, कर्मचाऱ्यांसाठी रविवारी मिस्सा अर्पण करीत, अंगणात फेऱ्या मारीत. बाहेर गुप्त पोलिसांची मोटार उभी असे. १९६० मध्ये त्यांची वृद्ध आई निवर्तली. अंत्यविधीला त्यांना जाता आले नाही. १९५८ आणि १९६३ च्या पोपनिवडीलाही ते मुकले.

काळाबरोबर महासत्तांचे सूर जुळू लागले आणि तो पाहुणा सर्वांनाच अवघड वाटू लागला. १९६४ मध्ये व्हॅटिकननेही हंगेरी सरकारशी करार केला. त्याशिवाय रिक्त धर्मप्रांतांना महागुरू लाभणे कठीण होते. १९७१ मध्ये निक्सन व पोप पॉल सहावे यांच्या इच्छेपुढे मान तुकवून कार्डिनल देशाबाहेर पडले, व्हिएन्नात राहिले. पदत्याग मात्र त्यांनी केला नाही. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये एस्टरगोमचे धर्मासन रिक्त झाल्याचे रोमने जाहीर केले. कार्डिनल हट्टी होते, राजेशाहीचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या अनेक राजकीय मतांशी सहमत होणे कठीण आहे. तरी तुरुंगाने जे मोडले नव्हते ते या निर्णयाने दुखावले, यात शंका नाही. पोपना हंगेरीतील लक्षावधी श्रद्धावंतांचे संस्कार डोळ्यांसमोर दिसत होते. कार्डिनलना तुरुंगात मेलेले सहकारी दिसत होते. या दोघांत दोषी कोण, हे ठरविण्याचे धाडस मला होत नाही.

६ मे १९७५ रोजी व्हिएन्नात त्यांचे देहावसान झाले. रशियन वर्चस्व सरल्यावरच आपला देह मायदेशी न्यावा, अशी त्यांची इच्छा असल्याने ऑस्ट्रियातील मारियाझेल तीर्थक्षेत्री त्यांचे दफन झाले. ४ मे १९९१ रोजी एस्टरगोमच्या महामंदिरात त्यांना पुन्हा मूठमाती देण्यात आली. शेवटची सोव्हिएत तुकडी हंगेरीतून बाहेर पडली ती त्यानंतर दीड महिन्याने, १९ जूनला.