सुप्याचा वारा, पुण्याचा उजेड आणि घराघरांतला इन्व्हर्टर

१/ सुपा (ता. पारनेर) पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसले आहे. परिसरातील डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात. परंतु त्यांची वीज थेट पायथ्याच्या घरांत उतरत नाही. ती राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि कोणत्या फीडरचा पुरवठा केव्हा खंडित करायचा, हे इतरत्र ठरते.

२/ २००१ मध्ये दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. तुटवडा मात्र कायम राहिला. ग्रामीण भागाच्या वाट्याला भारनियमनाचे प्रदीर्घ तास आले.

३/ याच काळात एमएस-सीआयटीमुळे संगणक गावोगावी पोहोचत होता. दिवा विझला तर पुन्हा लावता येतो. संगणक बंद पडला तर जतन न केलेले काम नाहीसे होते. त्याला खंड सोसतो तो केवळ काही मिलिसेकंदांचा. म्हणून झटपट बदल करणारा ‘यूपीएस मोड’ महत्त्वाचा ठरला.

४/ वायरमन घराची वायरिंग विभागू लागले : दिवे, पंखा, संगणक इन्व्हर्टरवर, इस्त्री, गिझर, मिक्सर मुख्य पुरवठ्यावर. कारण १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री जेमतेम १,८०० वॉट-तास ऊर्जा मावते.

५/ २००६ मध्ये पुण्याने उद्योगांची जनित्रे आणि ग्राहकांवरील जादा आकार यांच्या बळावर भारनियमनातून सुटका मिळवली. शहराने तोडगा सामूहिकरीत्या काढला; गावात तो ज्याच्या त्याच्या ऐपतीवर राहिला.