देवगड हापूसचा बायोडेटा

जाहिरात व्यवस्थापकाच्या नोकरीसाठी अर्ज करणारा उमेदवार बायोडेटात एक वाक्य हमखास लिहितो : अमुक ब्रँड आपण घडवला. मुलाखत घेणारा जाणता असेल तर तो विचारतो, घडवला म्हणजे नेमके काय केले, आणि ते तपासायचे कुठे? देवगड हापूस हे नाव मुंबई-पुण्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही, पण ते कुणाही व्यवस्थापकाच्या बायोडेटात बसणार नाही, कारण ते जाहिरातीने घडलेलेच नाही. या नावाची ख्याती एकाच्या झाडावर पिकत होती आणि त्याची खात्री दुसराच देत होता. देवगडच्या बागायतदाराची गेल्या काही दशकांतली बरीचशी ओढाताण या फारकतीतून आली आहे.

किनाऱ्यावर आगबोटी चालत होत्या तेव्हा आंबा समुद्रमार्गे मुंबईला जाई, पुढे ट्रक आले. पेंढ्यात रचलेल्या लाकडी पेट्या आधी क्रॉफर्ड मार्केटात आणि नंतर वाशीच्या फळबाजारात दलालाच्या गाळ्यावर उतरत. पेटीवर बागायतदाराचा मार्का असे, पण तो वाचणारा दलाल आणि फार तर घाऊक खरेदीदार. कुणाच्या पेटीत तळापर्यंत एकसारखे फळ निघते आणि कुणी चांगले फळ फक्त वरच्या थरातच भरतो, हे दलालाला ठाऊक असे, आणि भाव त्या माहितीवर ठरे. हंगामाआधी उचल देणाराही बहुधा तोच. त्यामुळे बागायतदाराचा खरा बायोडेटा मुंबईतल्या गाळ्यावर, दुसऱ्याच्या डोक्यात राही. देवगडात परत येई ती फक्त पट्टी, विक्रीचा हिशेब सांगणारा कागद. दलाल लुबाडतो, ही तक्रार जुनी आहे आणि पुष्कळदा खरीही. पण अनोळखी गिऱ्हाइकापुढे मालाची हमी उभी करण्याचे काम तो करत होता, हे त्या तक्रारीत विसरले जाते. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र यातले काहीच पोचत नसे. त्याला दिसे फक्त नाव, आणि नाव कुणीही लिहू शकतो.

त्यातही नाव कुठले लिहायचे? १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत देवगड तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणजे देवगडच्या पेटीवर 'रत्नागिरी हापूस' लिहिले तरी ते कागदोपत्री खोटे नव्हते. जिल्हा तुटल्यावर तालुक्याच्या नावाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले. ते इतके यशस्वी झाले की कर्नाटकातला हापूसही 'देवगड' छापलेल्या खोक्यांतून विकला जाऊ लागला. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या धारकांत देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आहे, पण मानांकनाचे क्षेत्र पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाचही जिल्ह्यांचे. बाहेरच्याला रोखण्याचा कायदेशीर आधार मिळाला. पण खोक्यातले फळ देवगडच्याच कातळावरचे आहे का, या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की खरा देवगड चवीने ओळखू येतो, त्याला पुरावा कशाला? पातळ साल, केशरी गर आणि तो वास जाणणाऱ्यांपुरते हे ठीक आहे. पण पुण्यात पेटी घेणारा कच्चे किंवा अर्धवट पिकलेले फळ घेतो. चव कळते ती पैसे दिल्यावर काही दिवसांनी, आणि तोवर विक्रेता पुढच्या गिऱ्हाइकाला तेच नाव सांगत असतो. चव फसवणूक उघडी पाडते, थांबवत नाही. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीत येणारा मलावीचा हापूस मलावीच्याच नावाने विकला जातो आणि त्याला गिऱ्हाईकही मिळते. नाव खरे सांगूनही माल खपतो, एवढे त्यावरून नक्की.

म्हणून २०२५च्या हंगामात देवगडच्या संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याचा जो आग्रह धरला, तो मला जाहिरातीच्या कोणत्याही मोहिमेपेक्षा मोलाचा वाटतो. क्रमांकाचा काही भाग वर, काही स्टिकरच्या खाली. दोन्ही जुळवून गिऱ्हाईक फोनवर पडताळा घेऊ शकते. फळागणिक चिकटवण्याचा खर्च आणि मजुरी लहान बागायतदाराला जड जाते, हा आक्षेप मात्र हलका नाही. मोठा बागायतदार थेट गिऱ्हाइकाला विकून तो भरून काढील. ज्याची बाग आधीच करारावर गेली आहे, त्याच्या नावावर वाढीव भाव जमा होईलच असे नाही. शिवाय स्टिकर झाडांच्या संख्येच्या हिशेबाने मिळतात, म्हणजे आपल्या बागेत किती माल निघतो हे बागायतदाराला संस्थेपुढे मांडावे लागते. आजवर हा आकडा त्याच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल, तर तो उचल देणाऱ्या दलालाला.