सातारचं सरकारी हायस्कूल : एका नोंदीचा इतिहास

शाळेचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण काय सांगतो? स्थापनेचं साल, इमारत, मुख्याध्यापकांची यादी, नावाजलेले विद्यार्थी. आज मी तसं करणार नाही. सातारचं सरकारी हायस्कूल, म्हणजे आजचं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, आपण रजिस्टरातल्या एका नोंदीवरून समजून घेऊ.

नोंद आहे ७ नोव्हेंबर १९०० ची. क्रमांक १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर, इयत्ता इंग्रजी पहिली. वय वर्षं नऊ. शाळा भरत होती राजवाड्यात. १८४८ साली डलहौसीनं सातारचं राज्य खालसा केलं; पुढं त्याच छत्रपतींच्या वाड्यात सरकारी शाळेची घंटा वाजू लागली.

आता प्रश्न असा, की महाराच्या मुलाला प्रवेश मिळाला कसा? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलानं सरकारी शाळेत घ्यावं म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनं तो नाकारला. प्रकरण विलायतेपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये तत्त्व ठरलं : ज्या शाळांचा सगळा खर्च सरकार करतं, त्या सर्व जातींना खुल्या. धारवाडच्या त्या मुलाला याचा उपयोग झाला नाही. पण दार कागदावर तरी उघडलं.

कागदावर, असं मी मुद्दाम म्हणतो. त्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलंय. वर्गात त्यांची जागा वेगळी. बसायला गोणपाट, आणि तेही रोज घरून न्यायचं, परत आणायचं; कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी हवी आणि नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला, की मुलगा तहानलेलाच.

तत्त्वज्ञानात आम्ही हक्क असणं आणि हक्क भोगता येणं यांत फरक करतो. तो फरक इथं नळापाशी दिसतो. रजिस्टर सांगतं, मुलगा शाळेत होता. तो कुठं बसला, पाणी कधी प्याला, हे रजिस्टरात येत नाही. ते विद्यार्थ्यानंच सांगावं लागतं.

२०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. चांगलंच आहे. फक्त त्या दिवशी नोंदीला हार घालताना आपल्या शाळेतल्या नळाकडेही एकदा बघावं, आणि तिथं कोण मागं थांबलंय ते विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.