शेणाचं घर, मेणाचं घर

चिऊ-काऊची गोष्ट कुणी रचली, हे कुणी विचारत नाही. ती आजीची असते. पण कागदावरचा तिचा माग काढत गेलं तर आपण थेट ऋद्धिपूरच्या महानुभावांपाशी पोचतो. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यात चक्रधरांच्या तोंडी हीच गोष्ट आहे. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो शेजारणीच्या दारी येतो. शेजारीण मात्र चिमणी नाही, साळुंकी. तिची चिमणी कधी झाली कोण जाणे. माझा कयास असा, की आढ्यात नि तसबिरीमागे घरटं करणारी चिमणी पोरांच्या रोजच्या ओळखीची. सांगणारीनं हाताशी होती ती घेतली.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत जपले. वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली विसाव्या शतकात. म्हणजे कित्येक शतकं पोथी कुलुपात आणि गोष्ट मात्र घरोघर.

छापखाना आला तेव्हा मान मिळाला इसापला. तंजावरला सरफोजीराजांच्या काळात 1806 साली ‘बालबोधमुक्तावलि’ निघाली, मुंबईत 1828 मध्ये बापू छत्र्यांची ‘इसपनीतिकथा’. शाळेला या गोष्टी सोयीच्या: शेवटी तात्पर्य, मास्तरांनी विचारावं, पोरानं घोकावं. चिऊ-काऊला तात्पर्य चिकटवायला गेलं की पंचाईत होते. चिमणीला शहाणी म्हणावं, तर ती भिजणाऱ्याला ताटकळत ठेवते.

या गोष्टीचं काम निराळंच. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचं एकेक काम काढते: न्हाऊ घालणं, अंग पुसणं, काजळ, तीट. ऐकणाऱ्या पोराचंही सकाळी हेच सगळं झालेलं असतं. गोष्ट सांगत भरवताना एका ठोठावण्याला एक घास. वाटीत भात उरला असेल तर चिमणीला आणखी एक काम सुचतं. वाटी रिकामी झाली की दार उघडतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पोरगंच चिमणीचं उत्तर देऊ लागतं. आधी काय, मग काय, आपली पाळी कधी, हे ते तिथेच शिकतं, पाटीला हात लागण्याच्या कितीतरी आधी.

शेवट घरागणिक वेगळा. कुठे कावळा शेपूट भाजून पळतो, कुठे रात्री डब्यातले चणे कडाकडा खातो आणि विचारलं की सुपारी खातोय म्हणून सांगतो. मला हा चणे खाणारा पटतो. इतका वेळ पावसात उभं केल्यावर तेवढं तर तो खाणारच.